गोवऱ्यांतली बोरमाळ

होळीच्या दिवशी सकाळी साखरबाईंनी परसातल्या गोवऱ्यांच्या राशीत कोपरापर्यंत हात घातला आणि हात रिकामाच बाहेर आला. मग त्यांनी पदर खोचला, तोंड एका बाजूला वळवलं आणि खांद्यापर्यंत हात घातला. आत नुसता भुगा आणि एक पाल. पाल आपल्या वाटेनं निघून गेली. साखरबाई मात्र तिथंच मटकन बसल्या.

रास एका अंगानं ढासळली होती, आणि नेमक्या त्याच अंगाला, भिंतीकडच्या बाजूनं, चहापत्तीच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेली त्यांची बोरमाळ होती. सासूनं मरता मरता स्वतःच्या गळ्यातून काढून त्यांच्या गळ्यात घातलेली. ती घातल्याशिवाय साखरबाई लग्नाला जात नसत, बारशाला जात नसत, आणि भांडायला जायचं असेल तर अजिबातच जात नसत.

घोर लागला तो नुसत्या माळेपायी नव्हे. माघात आसपासच्या वस्त्यांवर भरदिवसा चोऱ्या झाल्या, तेव्हा सून प्रतिक्षा म्हणाली होती, "आत्या, बारामतीला बँकेत लॉकर मिळतोय. आपलं सगळं सोनं तिथं ठेवू या का?"

"माझं सोनं दुसऱ्याच्या कपाटात?" साखरबाईंनी भाकरी थापता थापता तिला झापलं होतं. "आन मला बघू वाटलं तर तेचीच परवानगी काढायची? तुझं ठेव की. माझं अशा जागी हाय, माझ्या सावलीलाबी ठावं न्हाय."

ती जागा म्हणजे ही. चोर कपाट फोडतो, डाळीचे डबे उपडे करतो, देव्हारासुद्धा सोडत नाही. पण शेणात हात घालणारा चोर अजून जन्माला यायचाय, असा साखरबाईंचा हिशेब. हिशेब चोख होता. फक्त घरात दोन नाती आहेत आणि होळी तोंडावर आलीय, एवढंच त्यात धरायचं राहिलं.

होळीसाठी घराघरातनं गोवऱ्या आणि लाकडं चोरायची, ही वस्तीवरची जुनी रीत. ती पोरींना शिकवली कुणी, तर साखरबाईंनीच. "होळीच्या चोरीला पाप नसतंय," त्या सांगायच्या, "फकस्त कबूल करायचं न्हाय."

त्या उठल्या. अंगणात वैष्णवी आणि संस्कृती पाटी पालथी घालून तिच्यावर होळीची हलगी वाजवत होत्या. थोरली वैष्णवी नऊ वर्षांची, बोलण्यात आजीवर गेलेली. धाकटी संस्कृती बोलायची कमी. जे बोलायची ते दुसऱ्याला महागात पडायचं. दोघींच्या केसांत शेणाचा भुगा होता.

"गोवऱ्या कुणी नेल्या?" साखरबाईंनी विचारलं.

"चोरानं," वैष्णवी म्हणाली.

"कंच्या चोरानं?"

"होळीच्या. त्यो नाव सांगत न्हाय. तूच म्हनतीस."

"बरं. गोवऱ्या गेल्या तर जाऊ द्या." साखरबाईंनी आवाजात जमेल तेवढा गूळ कालवला. "तेच्यात आनि काय घावलं का तुमाला? सहज इचारते."

पोरींनी एकमेकींकडं पाहिलं. वैष्णवीनं हलगी वाजवायची थांबवली.

"तुला काय पायजे हुतं तेच्यातलं?" तिनं उलट विचारलं.

"मला काय पायजे असंल शेणातलं?"

"मग हात कशाला घालत हुतीस?"

साखरबाईंनी पदराला हात पुसले. आयुष्यात फार थोड्या वेळा त्यांना कुणी असं कोंडीत पकडलं होतं, आणि त्या प्रत्येक वेळी समोरचा माणूस किमान मतदानाच्या वयाचा होता. "इंचू बघत हुते," असं म्हणून त्या वळल्या. खोदून विचारावं तर पोरी आईला सांगणार, आणि प्रतिक्षाला कळलं की ती काही बोलणार नाही, नुसती मान खाली घालून पीठ मळत राहील. त्या मळण्याचीच साखरबाईंना धास्ती होती.

बिरोबाच्या देवळापुढं होळी रचून तयार होती. खाली उसाचं पाचट, मध्ये एरंडाचा दांडा, भोवती गोवऱ्यांची उतरंड. गोवरीवर थापणारीच्या हाताचा ठसा असतो. कुणाचा पंजा आखूड, कुणाचा पसरट. साखरबाईंचं मधलं बोट लहानपणी खुरप्यानं वाकडं झालेलं. त्यांची गोवरी हजारांत ओळखू यावी. आणि तशा वाकड्या बोटाच्या गोवऱ्या होळीच्या अगदी पोटात, खालच्या थरात बसल्या होत्या.

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि खालची एक गोवरी हळूच ओढली.

"आक्का, काय हुडकताय?"

मागं शेजारची जयवंता उभी.

"निवदाला जागा सारवायचीय."

"होळीच्या पोटात हात घालून?" जयवंता पुढं आली. "गेल्या साली माझी खाट घातली पोरांनी, मी न्यायला आले, तवा कोण म्हनलं हुतं? होळीच्या तोंडातला घास काढू नये, वस्तीवर इघ्न येतंय."

"मीच म्हनलं हुतं. मोडकी हुती तुझी खाट."

"माझी सासू निजली हुती तिच्यावर, आक्का. तिला उठवून नेली."

साखरबाईंनी गोवरी परत खुपसली. जयवंता आता जाईल, मग जाईल, म्हणून त्या थांबल्या. पण जयवंताही जाईना. तीही होळीभोवती घुटमळत, मध्येच वाकून बघत, काहीतरी पुटपुटत राहिली. तेवढ्यात पोलीसपाटील सर्जेराव यांची बायको शकुबाई आली. ती घागर घेऊन आली होती, पण हापसा होता विरुद्ध दिशेला. मग आणखी दोघी-चौघी आल्या. पुरण शिजवायचं सोडून बाया होळीभोवती उभ्या होत्या आणि एकीच्याही तोंडून शब्द फुटत नव्हता. असली गप्प होळी वस्तीनं कधी बघितली नव्हती.

दुपार कलली तशी साखरबाईंनी शेवटची युक्ती काढली.

"सुयोग, ए सुयोग," त्यांनी देवळाच्या ओट्यावर बसलेल्या पोराला हाक मारली. होळी रचायचं काम त्याच्याच टोळीनं केलं होतं. "हिच्यात इंचू शिरलाय. ह्यो एवढा. पोरंबाळं येणार सांजच्याला. उपसून काढा समदं."

सुयोगनं खाली वाकून पाहिलं. "उपसायचं कशाला, आज्जी? आत्ताच पेटवू. भाजंल आत." आणि त्यानं खिशातनं काडेपेटी काढली.

"थांब," साखरबाई ओरडल्या. पण ओरडणाऱ्या त्या एकट्या नव्हत्या. जयवंता, शकुबाई आणि बाकीच्या बायाही एका सुरात ओरडल्या होत्या. सुयोगनं काडेपेटी खिशात टाकली आणि विंचवावर बायकांची एवढी माया का जडली, याचा विचार करत तो ओट्यावर जाऊन बसला.

दिवस मावळला. ताटात पोळ्या, नारळ, हळद-कुंकू घेऊन अख्खी वस्ती देवळापुढं जमली. प्रतिक्षा नैवेद्य घेऊन आली. तिचा नवरा रविराज कंपनीतनं परस्पर तिथंच आला. सुयोगनं पाचटाची चूड पेटवून साखरबाईंच्या हातात दिली.

"चला आज्जी. मान तुमचा."

मान त्यांचाच होता. नवरा नाही, दीर नाहीत, सासरा नाही, मानाच्या घरात थोर त्याच. साखरबाईंनी चूड धरली. जाळ वाऱ्यानं होळीकडं झुकला. त्यांच्या डोळ्यांपुढं बोरमाळ आली. भरीव सोनं असतं तर एक वेळ राखेतनं गोळा वेचला असता. पण बोरमाळेच्या मण्याला वरून पातळ पत्रा आणि आत लाख. लाख पेटली की मणी फुटायचे, थेंब थेंब होऊन मातीत जिरायचे. सासूनं वर बसल्या बसल्या हे सगळं बघितलं असतं.

एका बाजूला सासू. दुसऱ्या बाजूला सून. मध्ये चूड.

"आत्या, हाताला भाजेल," प्रतिक्षा म्हणाली.

साखरबाईंनी चूड खाली टाकली आणि वहाणेनं विझवली.

"हिच्यात माझी बोरमाळ हाय," त्या म्हणाल्या.

"होळीत?" रविराजनं विचारलं. "आये, होळीत कशी गेली?"

"गोवऱ्यांतनं."

"आन गोवऱ्यांत?"

"मी ठिवली," साखरबाई म्हणाल्या. "बघा आता तोंडाकडं. हसायचं असंल तर हसून घ्या, मग होळी उपसा."

त्यांनी मान ताठ धरली आणि हसण्याची वाट पाहिली. कुणी हसलं नाही. जयवंता गर्दीतनं पुढं आली.

"आक्का, वाईच सरका," ती हळूच म्हणाली. "माझ्याबी गोवऱ्या हायत हिच्यात."

"तुझ्या गोवऱ्यांत काय हाय?"

"डोरलं."

मग शकुबाईनं सकाळपासूनची रिकामी घागर खाली ठेवली आणि बाह्या सारल्या. तिच्यामागनं आणखी दोघी, मग आणखी. ज्यांनी ज्यांनी प्रतिक्षाच्या लॉकरला नाकं मुरडली होती, त्या सगळ्या आपापल्या पंजाचे ठसे शोधत होळीवर तुटून पडल्या. पुरुष मंडळी मोबाईलच्या उजेडात आपल्या बायकांकडं आ वासून बघत राहिली. सकाळी जिच्या तोंडातला घास काढायचा नव्हता, तिचं पोट अर्ध्या तासात अंगणभर पसरलं. गोवरी न् गोवरी फोडून झाली. सोन्याचा एक मणीसुद्धा निघाला नाही.

बाया होत्या तिथंच खाली बसल्या. साखरबाईंनी भुग्यातनं पुन्हा एकदा हात फिरवला. गेली म्हणजे खरीच गेली.

तेवढ्यात रस्त्याकडून जीपचा उजेड आला. सर्जेराव पाटील उतरले, मागं एक हवालदार.

"कुनी जागचं हलू नका," सर्जेराव म्हणाले, आणि मग शेणानं माखलेल्या एवढ्या बायांत स्वतःची बायको पाहून जरा अडखळले. "ह्यो काय परकार हाय? बरं, ते मागनं. वस्तीला सांगायला आनंद वाटतोय, चोरांचा माल घावलाय. चोरी करून तेनी हितंच घराघरांच्या गोवऱ्यांत दडवला हुता. ह्या आपल्या दोन पोरींनी होळीच्या गोवऱ्या गोळा करताना हुडकून काल सांजच्याला माझ्याकडं आणून दिला. मी आज इंदापूरला जाऊन वर्दी दिली."

वैष्णवी आणि संस्कृती छाती काढून पुढं आल्या. हवालदारांनी जीपच्या बॉनेटवर फडकं सोडलं. बोरमाळ, डोरलं, पाटल्या, टीक, कानातली फुलं. प्रत्येकाला थोडं थोडं शेण.

साखरबाईंचा श्वास परत आला आणि श्वासाबरोबर रागही आला. "ये भवान्यांनो, मी सकाळी इचारलं तवा दातखीळ बसली हुती व्हय?"

"पाटीलकाका म्हनले, कुणाला सांगू नका," वैष्णवी म्हणाली. "चोर घरातलाबी असतोय."

"आमाला आधी बाबाचा डाऊट हुता," संस्कृती म्हणाली. रविराज दचकला. "मग सकाळी तू गोवऱ्यांत हात घालताना दिसलीस."

"मग?"

"मग तुझा आला."

हवालदारांनी घसा साफ केला. "हे ज्यांचं असेल त्यांनी पुढं या." बाया एकमेकींच्या मागं सरकल्या. शेवटी साखरबाईच गेल्या.

"बोरमाळ माझी."

"पुरावा?"

"माझ्या सासूनं दिली. ती वर असती. जाऊन इचारून या."

हवालदार वर जायला तयार दिसेनात. नियमानं पुरावा नसेल तर माल ठाण्यात जमा होणार, आणि सोडवायला कोर्टात जावं लागणार, असं ते समजावून सांगू लागले. तुमचंच कशावरून, असं साखरबाईंना आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्या मागं वळून घरच्यांकडं बघू लागल्या.

ताट खाली ठेवून प्रतिक्षा पुढं झाली. तिनं मोबाईल काढला.

"साहेब, हा आमच्या लग्नातला फोटो. ह्या माझ्या सासूबाई. गळ्यात हीच माळ. डाव्या बाजूच्या तिसऱ्या मण्याला पोचा आहे, मोठं करून बघा."

हवालदारांनी फोटो मोठा केला, मणी फिरवला, पुन्हा फोटो पाहिला. फोटोतल्या साखरबाई त्यांच्याकडं अशा रोखून बघत होत्या की त्यांनी मुकाट्यानं माळ खऱ्या साखरबाईंच्या हातात दिली. मग काय, प्रतिक्षाच्या मोबाईलला रांग लागली. तिच्याच लग्नात सगळी वस्ती दागिने घालून जेवली होती. सगळ्यांत शेवटी शकुबाई आली.

"ह्या पाटल्या," ती म्हणाली.

"कुणाच्या?" सर्जेरावांनी कडक आवाजात विचारलं.

"तुमच्या घरातल्या."

"तुझ्या पाटल्या मला वळखू येत न्हाईत व्हय?"

"येत असत्या तर इंदापूरला नेल्या असत्या का?"

त्यानंतर होळी पुन्हा रचली, पेटवली, आणि पोरांनी बोंब मारली. त्या वर्षी बोंब जरा जास्तच मनापासून झाली, असं म्हणतात.

घरी आल्यावर प्रतिक्षा काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी धुळवड. तेव्हाही बोलली नाही. पीठ मात्र मळत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी साखरबाईच चुलीपुढं आल्या.

"तुझं बारामतीला काय काम हाय का?"

"नाही, आत्या."

"मग काढ. मला डोळं दाखवायचं हायत. अंधुक दिसतंय."

एसटीच्या थांब्यावर जयवंता उभी होती. छातीशी पिशवी धरलेली. तिचेही डोळे दुखत होते. शकुबाईचेही. बाकीच्याही एकेक करून आल्या, पिशव्या छातीशी धरून. कुणी कुणाकडं बघेना. गाडी आली. "बारामती, डोळ्याच्या दवाखान्यात," असं प्रत्येकीनं न विचारता सांगितलं, तसा कंडक्टर म्हणाला, "कुठं शिबिर हाय का काय आज?"

पिशव्या तेवढ्या आणखी घट्ट झाल्या. साखरबाई खिडकीजवळच्या जागेपाशी थबकल्या. लग्न होऊन आल्यापासून ती जागा त्यांनी कुणाला दिली नव्हती, नवऱ्यालासुद्धा. त्या बाजूला सरल्या.

"बस," त्या सुनेला म्हणाल्या. "मला वारं सोसत न्हाय."