तिन्हीतलं एक सोडा

शामूअण्णा कुणाचंही घर बांधायला घेण्याआधी त्याला काहीतरी सोडायला लावत. "मोठं, झटक्यात आन् स्वस्त. तिन्ही न्हाई मिळणार. एक सोडा, मग कुदळ मारतो."

फौजेतून सुभेदार होऊन आलेले अण्णा मलकापुरात आमच्या ठेकेदाराकडे सुपरवायझर होते. मी त्यांच्या हाताखाली शिकणारा इंजिनिअर.

सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्यानं काहीच सोडायला नकार दिला. दोन मजले, दिवाळीच्या आत, ठरल्या पैशात! अण्णा विटांच्या ढिगावर जाऊन बसले. गवंडी उभे, मिक्सर बंद. तासाभरानं व्यापारी वैतागला, "बरं, एकच मजला!"

"आता कसं माणसागत बोललासा," म्हणत अण्णा उठले.

माझ्या लग्नातही त्यांनी वडिलांना गाठलं. "पंगत मोठी, लवकर, का स्वस्तात? एक सोडा." वडील अण्णांनाच सोडायला निघाले होते, आईनं आवरलं.

गेल्या वर्षी एक निवृत्त मास्तर आले. सोबत काठी टेकत चालणारी बायको. खाली दोघांना जागा, वर पुण्यातल्या मुलासाठी दोन खोल्या हव्या होत्या. पैसा बेताचा. मास्तर हसत म्हणाले, "वेळ सोडला. आम्हाला कसली घाई? जमेल तसं बांधा."

अण्णांचा नियम पाळला गेला होता. तरी ते हलले नाहीत. बाईंकडे बघत राहिले आणि एकदम ओरडले, "वेळ सोडू नगा! वरच्या खोल्या सोडा. पोरगं येतंय कवा? ह्यास्नी आत्ता घर द्या."

मास्तर दुखावले. ठेकेदारानं सगळ्यांसमोर अण्णांना झापलं. अण्णांनी हेल्मेट काढून खिळ्याला अडकवलं आणि दहिवडीची एसटी धरली.

दहा दिवस फोन बंद. शेवटी मीच गेलो. गावाबाहेर माळावर त्यांचं दगडी घर. चार खोल्या, रुंद ओसरी. आत मात्र एक खाट आणि एक ट्रंक.

"लय मोठं बांधलंत, अण्णा."

"कारभारणीला म्हटलं, मोठं पायजे, पक्कं पायजे, तर थांबावं लागंल. ती म्हणली, थांबते. मी सुट्टीवर आलो की एक भिंत उठायची. पंधरा वर्सं दिराच्या पत्र्याच्या खोलीत राहिली. गिलावा राहिला हुता, तवा गेली."

मी ज्यासाठी आलो होतो ते सांगितलं, "मास्तरांनी वरच्या खोल्या रद्द केल्यात. पाडव्याला राहायला येतायत."

"दोघं?"

"दोघं."

त्यांनी मान हलवली आणि चहा टाकायला आत गेले. मी मागोमाग गेलो. अण्णा चांगले सहा फुटी गडी, पण स्वयंपाकाचा ओटा जेमतेम त्यांच्या मांडीला लागत होता. ते पार वाकून, एक हात कमरेवर ठेवून स्टोव्ह पेटवत होते.

"विटांचे दोन थर चढवून देऊ का? अर्ध्या दिवसाचं काम आहे."

"नगं," अण्णा मागं न बघता म्हणाले. "तिच्या मापाचा हाय."

आणि तसेच वाकून त्यांनी साखरेचा डबा पुढं ओढला.