मे महिन्यातला फेब्रुवारी

बसलात का सगळे? बरं. तर एका जंगलात नवीन वर्ष एप्रिलमध्ये सुरू व्हायचं.

एप्रिलमध्येच का? कारण तोवर मोहाची फुलं वेचून व्हायची आणि खजिना भरायचा. त्या जंगलातला सगळा व्यवहार मोहाच्या फुलांवरच चालायचा. खजिना भरला की वर्षभराचा खर्च ठरायचा. पहिले दोन महिने नदीच्या कोरड्या पात्रात झरे खणायचे. जुलैत गुहांची गळती बंद करायची. ऑगस्टमध्ये वाटांवरचा चिखल काढायचा. असं पुढच्या मार्चपर्यंत.

खजिनदार होते काटेसाहेब. म्हणजे साळिंदर. स्वभावाने फार भित्रे. कुणी मोठ्याने बोललं की त्यांचे काटे उभे राहायचे, आणि मग ते टोचल्याबद्दल सगळ्यांची माफी मागत फिरायचे.

एका मार्चमध्ये शहरात राहून आलेला एक पोपट हिशेबाचं सॉफ्टवेअर घेऊन आला. गळ्यात टाय होता. वाघमहाराजांना म्हणाला, "महाराज, यापुढे कुणाला डोकं चालवायची गरज नाही."

महाराजांना हे फारच आवडलं.

काटेसाहेब नव्या वर्षाचं बजेट भरायला बसले. पडद्यावर प्रश्न आला : वर्षाचा पहिला महिना कोणता? उत्तराच्या जागी आधीपासूनच 'जानेवारी' लिहिलेलं होतं. खाली 'पुढे' असं हिरवं बटण होतं.

काटेसाहेबांनी 'पुढे' दाबलं.

हसू नका. मोठे झालात की तुम्हीही दाबाल.

मग बारा रकाने आले. रकान्यांच्या डोक्यावर महिन्यांची नावं होती, पण मुंगीलासुद्धा वाचता येणार नाहीत इतकी बारीक. काटेसाहेबांनी पहिल्या दोन रकान्यांत झरे भरले, चौथ्यात गळती, पाचव्यात चिखल. सगळे बारा भरले आणि घरी जाऊन शांत झोपले.

एप्रिल उजाडला. नदी आटली. रानडुकरांची मुकादम शेवंताक्का आपली टोळी घेऊन खजिन्यावर आली.

"काटेसाहेब, झरे खणायला घेतो. मजुरीची फुलं काढा."

काटेसाहेबांनी पडद्यावर पाहिलं. "झऱ्यांची तरतूद जानेवारी-फेब्रुवारीत होती. तिची मुदत संपली."

"जानेवारीत? तेव्हा तर नदी वाहत होती!"

"एप्रिलमध्ये गुहांची गळती आहे."

"गळायला पाणी कुठाय?"

पण महाराजांचा हुकूम होता : तरतुदीशिवाय नदीत कुणी नख घालायचं नाही. शेवंताक्काने कोरड्याठाक गुहांची गळती बंद केली आणि मजुरी घेतली.

मे उजाडला. सॉफ्टवेअर म्हणालं, चिखल काढा.

अख्ख्या जंगलात चिखल नव्हता. धूळ होती. काटेसाहेब चाचरत महाराजांकडे गेले.

महाराज म्हणाले, "तरतूद खर्ची पडली नाही तर पुढच्या वर्षी ती कापली जाते. असं पोपटच म्हणाला. चिखल करा."

"कशाने, महाराज?"

"तळ्यात थोडं पाणी आहे ना?"

होतं थोडं. ते वाटांवर ओतलं. झकास चिखल झाला. शेवंताक्काच्या टोळीने तो काढला. काम वेळेत संपल्याबद्दल पोपटाने पडद्यावर एक हिरवी खूण दाखवली. दरबाराने टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवून सगळ्यांना तहान लागली, तेव्हा लक्षात आलं की तळं रिकामं आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी चितळीणबाईंचं पाडस वाटेत कोसळलं. काटेसाहेब तिथूनच जेवायला घरी निघाले होते. त्यांनी ते पाहिलं. त्यांचे काटे एकदम अंगावर आडवे पडले. इतके कधीच पडले नव्हते.

घरी काटेवहिनींनी कंद पुढे ठेवले. पाणी ठेवलं नाही.

"पाणी?" काटेसाहेबांनी विचारलं.

"तुमच्या त्या यंत्राला विचारा, कुठल्या महिन्यात प्यायचं ते."

काटेसाहेबांनी कंद बाजूला सारले. हळूच म्हणाले, "अगं, मी न वाचताच बटण दाबलं. चूक माझी आहे."

"मग हे मला कशाला सांगताय? महाराजांना सांगा."

"खातील गं ते मला."

"काटे आहेत तुम्हाला. घशात अडकाल. जा."

काटेसाहेब गेले. भर दरबारात सगळं सांगून टाकलं. महाराजांनी पोपटाकडे पाहिलं.

"पहिला महिना बदलता येतो," पोपट म्हणाला, "पण एकही नोंद नसेल तरच. आता सगळं वर्ष पुसावं लागेल."

"माझ्या राज्याचं वर्ष पुसणार?" महाराज गरजले. पोपट खांबामागे गेला.

काटेसाहेबांचे सगळे काटे उभे राहिले. तरी ते जागचे हलले नाहीत. डोळ्यांपुढे ते पाडस होतं. म्हणाले, "महाराज, वर्ष पुसू नका. महिना बदला. हा मे नाही, फेब्रुवारी आहे, असं जाहीर करा. म्हणजे झऱ्यांची तरतूद चालू होईल."

महाराजांनी मिशी चाटली.

"म्हणजे चूक यंत्राची नाही, माझी नाही आणि तुझीही नाही?"

"नाही महाराज. महिन्याची."

"वा!" महाराज म्हणाले. "या महिन्याचा मला आधीपासूनच संशय होता."

पोपटाने तारीख मागे सरकवली. शेवंताक्काने संध्याकाळच्या आत झरा फोडला. पहिलं पाणी पाडसाला पाजलं. ते उठून उभं राहिलं आणि चितळीणबाई काटेसाहेबांना मिठी मारायला धावल्या. पण काटे बघून त्यांनी लांबूनच नमस्कार केला.

फेब्रुवारी म्हटल्यावर थंडी आलीच. सगळ्यांनी कांबळी पांघरावीत, असा हुकूम निघाला. हत्ती घामाने निथळत कुडकुडले. अस्वल तर आधीच केसाळ, ते दोनदा चक्कर येऊन पडलं. तरी पाणी होतं, त्यामुळे कुणी तक्रार केली नाही. पुढे 'एप्रिल'मध्ये धो धो पाऊस पडला, एकही गुहा गळली नाही. 'मे'मध्ये मात्र सगळे गुडघाभर चिखल तुडवत चालले, कारण त्याची तरतूद उन्हाळ्यातच संपली होती.

पोपटाला शाल मिळाली. काटेसाहेबांना बढती मिळाली. ते मुख्य महिना अधिकारी झाले.

घरी आल्यावर वहिनी म्हणाल्या, "अभिनंदन! आता एक सांगा. तुमचा जन्म डिसेंबरचा. मग वाढदिवस थंडीत करायचा, की तुमचा डिसेंबर येईल तेव्हा उन्हात?"

मुख्य महिना अधिकाऱ्यांनी बराच विचार केला.

"पोपटाला विचारून सांगतो," ते म्हणाले.

तात्पर्य : मुलांनो, प्रश्न न वाचता 'पुढे' दाबायला मुळीच घाबरू नका. उत्तर चुकलं तर दुरुस्त करत बसू नये. राजाला सांगून जगच तेवढं सरकवून घ्यावं. त्यासाठी बढती मिळते.