अस्वल डॉक्टरांचं शून्य

एका जंगलात, जिथे सगळे एकाच तळ्याचं पाणी प्यायचे, तिथे एक साळिंदरबाई राहायची. तिच्या पिल्लाला, काटूला, नऊ दिवस पातळ शी होत होती.

मुलांनो, 'शी' म्हटल्यावर हसायचं नाही. बरं, एकदा हसून घ्या.

काटू सुकत चालला होता. काटेसुद्धा मऊ पडले होते. साळिंदरबाईला नाना शंका यायच्या. आयांच्या निम्म्या शंका खोट्या असतात. (माझ्या तर पाऊणपट.) पण कुठल्या निम्म्या, ते आधी कळत नाही ना! ती काटूला घेऊन अस्वल डॉक्टरांकडे गेली.

"डॉक्टर, पाण्यातून पोटात जाणारे ते बारीक जंतू असतील का? शी तपासता का जरा?"

"काय वाचत बसता हो तुम्ही आया! आपल्याकडे तो आजारच नाही."

"कशावरून?"

"दहा वर्षांत एकही रोगी सापडला नाही."

"किती जणांची तपासलीत?"

"आजार नाही, तर तपासायचं कशाला?"

बाईला उत्तर चुकीचं वाटत होतं, पण चूक नेमकी कुठे, ते सापडेना.

तेवढ्यात राजदरबाराची टिटवी ओरडत आली. तिच्याकडे पाहणीचा फॉर्म होता. अस्वलाने भराभर भरला. रोगी किती? शून्य. तपासण्या किती? लागू नाही.

"वा, वा!" टिटवी नाचली. "नाहीतर ते टेकडीवरचं पाणमांजर! येईल त्याची शी भिंगाखाली धरतं. सत्तावीस रोगी काढले मेल्याने! लाज नाही वाटत?"

साळिंदरबाईने हे ऐकलं मात्र, काटूला उचललं आणि थेट टेकडी गाठली.

पाणमांजराने भिंगातून पाहिलं. "आहेत हो. वळवळतायत."

"म्हणजे मी वेडी नाही?" बाईला रडूच आलं. मग एकदम ओशाळून म्हणाली, "पण डॉक्टर, आमचं नाव लिहू नका. तुमचा आकडा उगाच वाढेल."

"वाढू दे," म्हणत त्याने लिहिलं : अठ्ठावीस. औषध दिलं, पाणी उकळून द्यायला सांगितलं. पाच दिवसांत काटू भावंडांना टोचायला लागला.

इकडे दरबारात अस्वलाला पदक मिळालं आणि पाणमांजराला नोटीस : 'तुमच्याकडेच रोग का?' टाळ्या पडल्या. रोगमुक्त तळ्याचं पाणी अस्वलाने सर्वांसमक्ष घागरभर प्यायलं.

पंधरवड्याने साळिंदरबाई काटूला पुन्हा दाखवायला टेकडीवर गेली. रांगेत तिच्यामागे तोंडावर पळसाचं पान धरून कुणीतरी मोठं, केसाळ उभं होतं. गळ्यात पदक होतं. पाय एका जागी ठरत नव्हते.

"डॉक्टर," बाई हळूच म्हणाली, "तुम्ही जा आधी. आम्हाला घाई नाही."

पाणमांजराने न विचारता लिहिलं : एकोणतीस.

तात्पर्य : मुलांनो, जिथे एकही रोगी नाही अशा ठिकाणी चुकूनही आजारी पडू नये. पडायचंच झालं, तर रोगी भरपूर असतील तिथे जाऊन पडावं.