टपावरची पेटी

आमच्या चिरंजीवांची एक खोड मला आजवर पटलेली नाही. लोक फिरायला जातात; हा फिरायला जायचं ठरवतो. ठरवता ठरवता सुट्टी संपते, की लगेच पुढच्या वर्षीचं ठरवायला घेतो. बसच्या कंपनीत त्याला वेळापत्रकं करायला बसवलंय. त्याची बस वेळेवर सुटल्याचं मी तरी अजून ऐकलेलं नाही, पण वेळापत्रक बघाल तर नुसतं बघत राहाल.

यंदाचा बेत मोठा होता. आधी समुद्राच्या कडेकडेचा रस्ता, मग जंगलातला घाट आणि शेवटी वाळवंट. त्याचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला तो काही केल्या हलेना. सून समुद्रावर भाजी चिरायची, नातीचा अभ्यास जंगलात चालायचा आणि माझ्या वाट्याला वाळवंट. एकदा माझ्या हातून कप कलंडला.

"आई! वाळवंटात चहाचं तळं केलंस!"

"बरंच झालं की. तिथे गेल्यावर प्यायला होईल तुम्हाला."

हसायचं नाव नाही. टिपकागद घेऊन वाळवंट पुसत बसला. समुद्राच्या रस्त्याला ऊन कुठल्या बाजूने येईल, म्हणजे कुठल्या खिडकीत कोण बसेल, जंगलात गाडी कुठे थांबवली तर हरणं दिसतील, वाळूवरचा सूर्यास्त कुठून बघायचा, सगळं ठरलेलं. हरणांना आणि सूर्यालासुद्धा त्याने वेळ देऊन ठेवली होती.

एवढ्या सगळ्या ठरवण्यात मी मात्र नव्हते.

ते त्याने मला असं सांगितलं. "आई, तुझे गुडघे..."

"माझ्या गुडघ्यांना काय झालंय?"

"नाही म्हणजे, वाळवंटातला रस्ता खराब आहे. तुला झेपायचं नाही."

इथवर मी ऐकून घेतलं. आईच्या गुडघ्यांची काळजी म्हटल्यावर कोण काय बोलणार? पण त्याच दिवशी मी स्वयंपाकघराच्या दाराशी असताना आतलं बोलणं कानावर आलं. सून म्हणत होती, "अहो, त्यांनी समुद्र एकदाही पाहिलेला नाही." आणि माझा लेक म्हणाला, "अगं, आईला घेतलं तर भार किती वाढतो! गाडी दुप्पट तेल खाईल. शिवाय तिच्या जागेवर मी तंबू ठेवतोय."

तंबू! मी ऐन उमेदीची सगळी वर्षं पिठाची गिरणी चालवली. गिरणीला सुट्टी नसते, आणि गिरणीवालीला त्याहून नसते. लोकांची पोती तोलता तोलता जन्म गेला, पण माझं वजन काढायची हिंमत कुणी केली नव्हती. ती माझ्या पोटच्या पोराने केली. समुद्र मी पाहिला नव्हता हे खरंच आहे. पण "मला न्या हो" म्हणून तोंड वेंगाडणाऱ्यातली मी नाही. मी बाहेर येऊन मोठ्याने म्हटलं, "मला कुठं यायचंय! कुंड्यांना पाणी कोण घालेल?"

तरीपण एक पिशवी मी भरली. शाल, चष्मा, गुडघ्यांचं तेल. दाराशी ठेवली.

"आई, ही पिशवी कसली?" सुनेने विचारलं.

"जुने कपडे आहेत. द्यायचेत कुणाला तरी."

सुनेने पिशवीतून डोकावणारी नवी शाल आत सारली आणि पिशवी होती तिथेच राहू दिली. हे तिचं चांगलं आहे.

निघायच्या आदल्या दिवशी चिरंजीवांनी गाडीच्या टपावर बसवायची एक पेटी आणली. पांढरी, कडक, होडीएवढी. ती बसवायला दुकानाचा माणूस आमच्या इमारतीच्या तळघरातच आला, जिथे सगळ्यांच्या गाड्या उभ्या असतात. बसवून झाल्यावर ह्याने जिन्यात भेटेल त्याला थांबवून सांगितलं, "पेटीचे नट आतून आहेत. झाकण दाबलं की कुलूप आपोआप लागतं. चोराच्या बापालाही उघडायची नाही." चोराच्या बापाचं मला माहीत नाही. आमचं काय झालं ते सांगते.

त्या संध्याकाळी त्याने माझ्यावर घर सोपवलं. कुंड्यांना पाणी, दुधवाल्याला निरोप आणि जादा किल्ल्यांचा जुडगा. "आई, हा तुझ्याजवळच ठेव. माझ्याकडून हरवतात," म्हणाला. महिनाभरात तेवढं एकच खरं बोलला. मी जुडगा कमरेला खोवला.

सकाळी मंडळी निघाली. मी पहिल्या मजल्याच्या गॅलरीत झारी घेऊन उभी. तळघरातून वर येणारा चढ बरोबर माझ्या गॅलरीखाली उघडतो. खालून गाडीचा आवाज आला. नातीने "आजी, टाटा!" म्हणून ओरडायला खिडकीतून हात काढला, आणि खर्रर्रर्र! असा आवाज झाला, जसा गिरणीच्या जात्यात खडा यावा.

वॉचमन धावला. वाकून बघितलं आणि म्हणाला, "साहेब, गाडी येतेय. पेटी येत नाही."

चढाच्या तोंडाशी वरून सिमेंटचा आडवा बीम आहे. समुद्रापासून वाळवंटापर्यंतचे सगळे चढउतार ज्याने घोकले होते, त्याने आपल्या घराच्या दाराची उंची बघितली नव्हती. पेटी बसवली तळघरात, भरली तळघरात. बाहेर काढून कोण बघणार?

"काही नाही, पेटी काढून घेऊ," चिरंजीव म्हणाले.

"नट आतून आहेत," सून म्हणाली.

"मग उघडू."

"उघडा."

त्याने शर्टाचा खिसा चाचपला. पँटचे चाचपले. सुनेची पर्स उलटी केली.

"बाबा," नात म्हणाली, "किल्ली तू महत्त्वाच्या वस्तूंच्या पाकिटात ठेवलीस ना?"

"हो! बरोबर! पाकीट कुठाय?"

नातीने बोट वर केलं. पेटीकडे.

त्याने दुकानाच्या माणसाला फोन लावला, तो बंद. मग सीटखाली बघितलं, पायपुसण्या झटकल्या, गाडीखाली बघितलं. सगळीकडे बघून झालं. वर मात्र कुणी बघितलं नाही. मी आपली मोगऱ्याला पाणी घालत होते.

एवढ्यात मागून हॉर्न. तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. त्यांना दवाखान्यात जायचं, आणि ह्याने बाटलीच्या तोंडात बूच बसावं तशी गाडी बसवलेली. डॉक्टर उतरले, त्यांनी मान तिरकी करून बीम आणि पेटी यांच्यामध्ये बघितलं. कुणाच्या तरी तोंडात बघताहेत असं वाटलं.

"थोडंसंच अडतंय," ते म्हणाले. "मागे घ्या, आपण चाकांतली हवा कमी करू. दुखणार नाही."

गाडी मागे घेतली. चाकांतली हवा सोडली. फुस्स, फुस्स. गाडी पुन्हा पुढे आली. खर्रर्र. आता अगदी बोटभर राहिलं.

"भार द्या आत," वॉचमन म्हणाला. "भार दिला की गाडी बसते."

सून आणि नात आत होत्याच. डॉक्टर तंबूला चिकटून कसेबसे आत बसले. डॉक्टर म्हणजे वाळत घातलेला पायजमा. ते बसले काय नि उतरले काय, गाडीला कळलंसुद्धा नाही. वॉचमनही पुढे बॉनेटवर जाऊन बसला. गाडी थोडी दबली, पण तेवढ्याने भागेना.

आधी वॉचमनने वर बघितलं. मग डॉक्टरांनी. मग सुनेने. शेवटी माझ्या लेकाने.

"आई," तो गोड आवाजात म्हणाला, "जरा खाली येतेस का?"

"आत्ता? मी कुंड्यांना पाणी घालतेय. तूच सांगितलंयस."

"दोन मिनिटांचं काम आहे गं."

"काम आहे तर वर येऊन सांग. मी काय गॅलरीतून ओरडणाऱ्यातली आहे?"

आला. जिना चढून, धापा टाकत, हातांना टायरचं काळं लागलेलं. मी झारी खाली ठेवली नाही.

"बोल."

"जरा गाडीत बसायचंय."

"कशाला? माझे गुडघे."

"आई, प्लीज. वजन हवंय."

"काय हवंय?"

"वजन."

"कुणाचं?"

त्याने जिन्याकडे बघितलं. समोरच्या दाराशी शेजारीण उभी होती, कान देऊन. "तुझं," तो म्हणाला.

"अस्सं. पण मला घेतलं तर गाडी दुप्पट तेल खाते ना?"

त्याचा चेहरा असा झाला की मला माझाच अभिमान वाटला. मी झारी ठेवली, दाराशी असलेली पिशवी उचलली आणि दाराला कुलूप घातलं.

"पिशवी कशाला?" त्याने विचारलं.

"तीही भारच आहे. चालेल की."

खाली गेले. चिरंजीव म्हणाले, "मागे बस, पेटीची मागची बाजू लागतेय."

"मागे तंबू बसलाय."

"तंबू जरा मांडीवर घे."

"मांडीवर मी तुला घेतलं होतं. तंबूला घेणार नाही."

तंबू निघाला. त्याच्यासोबत गॅसची शेगडी निघाली आणि घडीच्या खुर्च्याही. सगळं वॉचमनच्या खुर्चीवर नेऊन रचलं. डॉक्टरांनाही उतरायला सांगितलं. मी असताना त्यांची गरज नव्हती. मग मी बसले. गाडीने खालून असा काही सुस्कारा सोडला की नात टाळ्या पिटायला लागली. "आजी, पेटी खाली आली!"

"येऊ द्या... येऊ द्या... श्वास रोखा सगळ्यांनी!" वॉचमन ओरडला.

सगळ्यांनी रोखला. मी भरून घेतला. बीम आमच्या डोक्यावरून कुरकुरत गेला, पेटीला एक लांब ओरखडा पडला, आणि गाडी उजेडात आली. गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या. डॉक्टर म्हणाले, "वा, काकू! एवढ्या सहज तर माझ्या हातून दातसुद्धा निघत नाही." मी खिडकीतून मान लववली.

आणि मग आमचे चिरंजीव काय म्हणाले, ऐका. "आई, थँक यू हं. आता उतरलीस तरी चालेल."

टाळ्या थांबल्या. मी पिशवी उचलली. पिशवीचा बंद कुठे अडकला होता तो सोडवायला मला जरा वेळ लागला. डोळ्यांपुढे नीट दिसत नव्हतं.

"अहो," पुढच्या सीटवरून सून म्हणाली, मागे न वळता. "आणि रेल्वेच्या पुलाचं काय?"

"कुठल्या?"

"गावाबाहेरचा. समुद्राकडे जाताना लागतो तो. त्याच्याखालून ट्रक जात नाहीत म्हणून तुम्हीच नकाशात लाल खूण केलीत. आपण नाक्यावर हवा भरली की पेटी पुन्हा वर जाणार."

त्याने नकाशा काढला. लाल खूण होती. चांगली ठळक होती.

"आई," तो नकाशाची घडी घालत म्हणाला, "पुलापर्यंत चल."

"आणि पुढे? पुलाखाली बसून भाजी विकू?"

गॅलरीतून कुणीतरी फिसकन हसलं.

"चल मग," तो म्हणाला. "समुद्रापर्यंत चल."

मी पिशवी पायाशी ठेवली. घराची किल्ली खिडकीतून वॉचमनला दिली आणि कुंड्यांना पाणी घालायला सांगितलं. तंबू त्याच्या खुर्चीवर बसून आमच्याकडे बघत होता, मी गॅलरीतून बघत होते तसा.

रेल्वेच्या पुलाखालून आम्ही अलगद निघालो. मी पुन्हा श्वास भरून घेतला होता, पण त्याची गरज पडली नाही. पुढे तास-दोन तास नुसता रस्ता होता. मग एका वळणावर नात म्हणाली, "आजी, तुझ्या बाजूला बघ."

बघितलं. लेकाने गाडी हळू केली; त्याने सूर्याला दिलेली वेळ कधीच टळून गेली होती, पण उजेड होता भरपूर.

"कसा आहे?" नातीने विचारलं.

"तुझ्या बाबाने टेबलावर साधा निळा ठेवला होता," मी म्हटलं. "हा तर एका जागी राहतच नाही." मग पिशवीतून चष्मा काढून लावला आणि पुन्हा बघितलं.

भूक लागली तेव्हा गाडी थांबवली. डबे पेटीत होते. चिरंजीव पेटीभोवती फिरले, झाकणावर बुक्क्या मारल्या, मग किनाऱ्यावरून एक भलामोठा दगड उचलून आणला.

"फोडतोच आता," तो म्हणाला. "नवीकोरी आहे, पण काय करणार!"

"थांब रे," मी म्हटलं. कमरेचा जुडगा काढला, त्यातली चिमुकली चकचकीत किल्ली निवडली आणि त्याच्या हातावर ठेवली.

दगड त्याच्या पायापासून वीतभर अंतरावर पडला.

"ही... ही तुझ्याकडे होती?"

"तूच दिलीस काल. जादा किल्ल्या, हरवतात म्हणून."

"मग सकाळी? अख्खी इमारत गोळा झाली, चाकांची हवा सोडली, डॉक्टरांना कोंबलं... आई, तू बोलली का नाहीस?"

सून समुद्राकडे तोंड करून उभी होती, पण तिचे खांदे हलत होते. मी गाडीच्या दारात नीट टेकून बसले, शाल अंगावर घेतली आणि त्याला म्हटलं,

"किल्ली मागितली असतीस तर किल्ली दिली असती. तू वजन मागितलंस, म्हणून मी ते घेऊन आले. आता जंगलही बघीन आणि वाळवंटही बघीन. डबे काढ आधी. आणि तंबू घरी राहिलाय, तेव्हा मला झोपायला एक बरीशी खोली ठरव. ठरवायला तर तुला येतंच."