जुने जमा केले का?

खर्च तपासणी समितीच्या कक्ष अधिकाऱ्याने सरकारी इमारती खात्याचं सहाशे चाळीस पानांचं अंदाजपत्रक टॉवेलात गुंडाळून घरी आणलं, तेव्हा बायकोने दारातच विचारलं, "अहो, पोहायला गेला होतात की काय?"

"हळू बोल. गोपनीय आहे."

"टॉवेल?"

"आतलं. अध्यक्षांची प्रत आहे. उद्या दहाला समितीची बैठक आहे आणि पानांवर आकडे घालायचे राहिलेत. साडेपाचला ऑफिसचे दिवे बंद करतात."

दिवे बंद करायचं काटकसरीचं परिपत्रक त्याच समितीने काढलं होतं. संसदेचे अकरा सदस्य सरकारचा पैसा कुठे आणि कसा जातो यावर नजर ठेवत, आणि त्यांना नजर ठेवायला जे कागद लागत त्यांच्यावर आकडे घालायचं काम कक्ष अधिकारी करत असे. कागद घरी न्यायला सक्त मनाई होती. शिवाय त्याच्या बढतीची फाइल त्याच आठवड्यात अध्यक्षांच्या टेबलावर जाऊन बसली होती. अवर सचिवाची खुर्ची दोन वर्षं रिकामी होती आणि तिच्यावर बसण्यासाठी त्याने मनातल्या मनात पाठीला एक उशीसुद्धा घेऊन ठेवली होती. अशा वेळी टॉवेल हा सावधपणाचा भाग होता.

घरात सासरेबुवा मुक्कामाला होते. त्यांना सगळे अण्णा म्हणत. आठवड्यापूर्वी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. अण्णांनी चाळीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलचं भांडार सांभाळलं. त्यांच्या राज्यात जुन्या झाडूचा दांडा परत केल्याशिवाय नवा झाडू मिळत नसे. फुटकी काच आणल्याशिवाय थर्मामीटर मिळत नसे. एकदा एका बड्या सर्जनला त्यांनी साबणाच्या वडीसाठी दीड तास उभं केलं होतं, कारण सर्जन जुन्या वडीची चकती दाखवू शकला नव्हता.

"वापरली संपली, आता चकती कुठून आणू?" सर्जन म्हणाला होता.

"मग संपली कशावरून?" अण्णा म्हणाले होते.

हा किस्सा सर्जन हयात असेपर्यंत सांगत असे, पण हसत नसे.

जावयाने तीनशे पानांपर्यंत आकडे घातले आणि अण्णांचं डोळ्यात घालायचं औषध संपलं म्हणून तो दुकानात गेला. अण्णांना डॉक्टरांनी सांगितलं होतं, की आता बारीक अक्षर वाचायचा सराव करा. समोर पाहतात तो बारीक अक्षराचं भलंमोठं पुस्तक. त्यांनी ते डोळ्यांत तेल घालून वाचलं. औषध संपलंच होतं.

दोनशे बाराव्या पानावर लिहिलं होतं : "खिडक्यांचे पडदे बदलणे, नग सहाशे." अण्णांनी सवयीने खिशातली पेन्सिल काढली. भांडारात निळं म्हणजे दिलं, लाल म्हणजे हरवलं आणि हिरवं म्हणजे आधी उत्तर द्या. त्यांनी हिरव्या पेन्सिलीने समासात सुबकपणे लिहिलं : "जुने जमा केले का?" मग समाधानाने पुस्तक होतं त्या पानावर उघडून ठेवलं आणि जेवायला बसले.

जावयाने परत येऊन पुढचे आकडे घातले. मागची पानं चाळायचं त्याला काही कारण नव्हतं.

आता समितीतली एक पद्धत सांगायला हवी. समितीत हिरवं फक्त अध्यक्षांनी लिहायचं. अध्यक्षांच्या प्रतीवर हिरवं काही दिसलं, की टंकलेखिकेने त्याचा प्रश्न करायचा, अध्यक्षांची सही घ्यायची आणि खात्याने सात दिवसांत उत्तर द्यायचं. त्यासाठी अध्यक्षांपुढे रोज सकाळी टोक केलेली हिरवी पेन्सिल ठेवली जाई. अध्यक्ष होऊन त्यांना तीन वर्षं झाली होती. एवढ्या काळात चार पेन्सिली संपल्या होत्या, त्या नुसत्या टोक करून.

दुसऱ्या दिवशी बैठक चौदा मिनिटं चालली. अध्यक्षांनी "पानांवर आकडे आहेत ना?" असं नेहमीप्रमाणे विचारलं, एका सदस्याने क्रीमची बिस्किटं का बंद झाली याबद्दल तीव्र नाराजी नोंदवली आणि खातं मार्गी लागलं.

दुपारी टंकलेखिका कक्ष अधिकाऱ्याजवळ आली. तिचा चेहरा फुलला होता. "सर, तीन वर्षांत पहिल्यांदा काम आलं! प्रश्न टाइप केला, सही घेतली, पाठवूनसुद्धा दिला."

"कसला प्रश्न?"

तिने प्रत दाखवली. कक्ष अधिकाऱ्याने ते अक्षर ओळखलं. त्याच अक्षरातली त्याच्या लग्नातल्या भांड्यांची यादी घरी दिवाणखान्याच्या भिंतीला लावून जपून ठेवलेली होती. त्याने घरी फोन लावला.

"अण्णा, काल तुम्ही पुस्तकात काही लिहिलंत?"

"लिहिलं की. सहाशे पडदे मागतात, जुन्याचा पत्ता नाही. तुमच्याकडे काउंटरला कोण बसतं?"

"अण्णा, ती संसद आहे!"

"असू दे. पावती लागतेच."

पाचव्या दिवशी इमारती खात्याचे सचिव स्वतः आले. एरवी ते समितीकडे शिपाईसुद्धा पाठवत नसत. त्यांनी दार लावून घेतलं.

"अध्यक्षसाहेबांना हे कुणी सांगितलं?"

"काय सांगितलं?" कक्ष अधिकाऱ्याने विचारलं.

"तुमच्यापासून काय लपवायचं! त्या खिडक्यांना पडदे कधी लागलेच नाहीत. पण गेल्या वर्षी आम्ही ते बदलले आहेत. त्याच्या आदल्या वर्षीही बदलले आहेत. म्हणजे कागदावर जुने बाराशे पडदे झाले. ते आता जमा कुठून करू?"

"तेव्हा सचिव कोण होतं?"

"मीच. पण तेव्हा मी नवीन होतो."

दोघांनाही वाटत होतं, की समोरच्याला सगळं माहीत आहे.

खात्याने मग सरळ मार्ग काढला. जुने पडदे नसतील, तर ते विकत घ्यायचे. बाजारात चौकशी केली, तर नवा पडदा चारशेला आणि जुना नऊशेला. खरेदी अधिकाऱ्याने आरडाओरड केली, तेव्हा कापडवाला शांतपणे म्हणाला, "साहेब, नवा काय, कुणीही उद्या देईल. जुना व्हायला दहा वर्षं लागतात."

महिन्याभरात शहरात जुने पडदे दिसेनासे झाले. कक्ष अधिकारी एका संध्याकाळी घरी आला, तर दिवाणखान्यात लख्ख ऊन, आणि अण्णा काळा चष्मा लावून भिंतीकडे तोंड करून बसलेले.

"पडदे कुठे गेले?"

"विकले," बायको म्हणाली. "दारावर एक माणूस आला होता. एकेक साडेसहाशेला! तुमच्या शाईचा डाग होता त्याचे पन्नास जास्त दिले. म्हणाला, सरकारी वाटतो."

"आणि नवे कधी आणणार?" अण्णांनी भिंतीला विचारलं. "जुने तर जमा झाले."

जुने पडदे घेण्यासाठी खात्याने संसदेकडे जादा पैशांची पुरवणी मागणी केली. "जुने पडदे खरेदी, तातडीची बाब." ती वर्तमानपत्रांच्या हाती लागली आणि एकच गदारोळ उडाला. चार शब्दांत खात्याला घाम फोडणारे अध्यक्ष म्हणून अध्यक्षांचा फोटो पहिल्या पानावर आला. फोटोत त्यांच्या हातात हिरवी पेन्सिल होती. उलटी होती, पण होती.

त्या सकाळी कक्ष अधिकाऱ्याने बढतीवर मनातल्या मनात पाणी सोडलं आणि सगळं कबूल करायला अध्यक्षांकडे गेला.

"साहेब, त्या पडद्यांच्या प्रश्नाबद्दल बोलायचं होतं. तो प्रश्न खरं म्हणजे..."

"या, या! मी तुम्हालाच बोलावणार होतो. तो प्रश्न विचारताना माझ्या मनात नेमकं काय चाललं होतं, ते पेपरवाल्यांना हवंय. जरा लिहून द्या."

"साहेब, पण तो तुम्ही..."

"दीड पान पुरे. लहानपणची एखादी आठवण टाका. गरिबी असली तर बरं."

कक्ष अधिकारी अध्यक्षांकडे बघत राहिला. अध्यक्ष खिडकीकडे बघत राहिले. तिला पडदा नव्हता. मग तो बाहेर आला आणि त्याने दीड पान लिहून दिलं. लहानपणची आठवण त्याने अण्णांची टाकली.

सचिवांची तडकाफडकी बदली झाली, पुरवणी मागणी फेटाळली गेली आणि खात्याचा पडद्यांचा खर्च तिजोरीत परत आला. इथे थांबायला हरकत नव्हती. पण अध्यक्षांना आता पेन्सिलीची चटक लागली. ते कागद अजूनही वाचत नसत, पण "नवीन" हा शब्द दिसला, की समासात लिहीत : "जुने जमा केले का?"

नवीन पूल मागणाऱ्या खात्याने जुना पूल काढून आणून दाखवायची तयारी केली. नवीन रुग्णवाहिका मागितल्या त्यांनी जुन्या ढकलत आणून संसदेच्या फाटकाशी उभ्या केल्या. फाटक दोन दिवस बंद राहिलं. अर्थखात्याने एक नवीन कर सुचवला, त्यावरही अध्यक्षांनी तेच लिहिलं. अर्थखात्याने आठवडाभर जुन्या वह्या चाळल्या. तेरा वर्षांपूर्वीचा कर खरोखरच जमा झाला नव्हता. तो वसूल केला, तर नव्याची गरजच उरली नाही. सरकारी खर्च इतका उतरला, की काही अधिकाऱ्यांना रात्रीची झोप येईना आणि त्यामुळे दिवसाही येईना.

कक्ष अधिकाऱ्याचा जीव मात्र भांड्यात पडला. गुपित फुटलं नव्हतं. अध्यक्ष खूश होते. टंकलेखिकेला ओव्हरटाइम मिळत होता. आणि एका शुक्रवारी त्याची बढतीची फाइल अध्यक्षांच्या टेबलावरून खाली आली. शिपायाने ती हसत हसत त्याच्या हातात ठेवली. "साहेब, पेढे!"

त्याने फाइल उघडली. "अवर सचिव पदावर नवीन नेमणूक, नग एक," असं प्रशासनाने लिहिलं होतं. खाली, समासात, हिरव्या पेन्सिलीने अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं : "जुने जमा केले का?"

जुने अवर सचिव दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेले होते. प्रशासनाने खुलासा केला, की ते गेल्याची नोंद आहे; जमा झाल्याची पावती मात्र आढळून येत नाही. त्यांना समक्ष हजर राहण्याबद्दल पत्र गेलं. त्यांनी उलट टपाली कळवलं, की यायला हरकत नाही, पण प्रवासखर्च मिळावा. प्रवासखर्चाची मागणी समितीपुढे आली. त्यात "नवीन तिकीट" असा शब्द होता.

त्या संध्याकाळी कक्ष अधिकारी उघड्या खिडकीपाशी डोकं धरून बसला. "अण्णा, तुमच्या त्या चार शब्दांनी माझी बढती खाल्ली!"

अण्णांनी फाइल मागून घेतली. चष्मा न लावता वाचली. डोळा छान झाला होता.

"प्रश्न बरोबर आहे, जावईबापू. यात रागावण्यासारखं काही नाही."

"अहो अण्णा," मुलगी चिडून म्हणाली, "काहीतरी करा ना. तुमचाच जावई आहे."

"करतो ना. पावतीच हवी आहे ना त्यांना? चाळीस वर्षं पावत्या फाडल्यात." अण्णांनी पिशवीतून पिवळं पडलेलं पावतीपुस्तक काढलं, मांडीवर ठेवलं आणि निळी पेन्सिल ओली केली. "जमा माल : अवर सचिव. नग : एक. आता अवस्था सांगा."

"म्हणजे?"

"जमा करताना कशा अवस्थेत होता ते लिहावं लागतं. मोडका, झिजलेला की वापरून संपलेला?"

कक्ष अधिकाऱ्याने त्या अवर सचिवांच्या हाताखाली अकरा वर्षं काढली होती. त्याने प्रामाणिकपणे विचार केला.

"न वापरलेला लिहा," तो म्हणाला.