फाटले नेमके कोठे?

“इको जोडणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! ताई, तुम्ही नुसते ओठ हलवा. सभागृह भरून टाकायची जबाबदारी माझी!”

अशी गर्जना करीत ध्वनिपंडितांनी शाळेच्या सभागृहात पाऊल टाकले. ही पदवी त्यांना कोणत्याही विद्यापीठाने दिलेली नव्हती. बिघडलेले रेडिओ दुरुस्त करून घेणाऱ्या गिऱ्हाइकांनी ती बहाल केली होती, आणि पंडितांनी ती अत्यंत विनयपूर्वक दुकानाच्या पाटीवर रंगवून घेतली होती.

ताई म्हणजे त्यांच्या पत्नीची थोरली बहीण, याच शाळेतील गायनशिक्षिका. वर्षापूर्वी त्यांच्या घशाची शस्त्रक्रिया झाली. आवाज परत आला, परंतु पूर्वीचा भरदारपणा परतला नाही. आज संध्याकाळी त्या वर्षभरानंतर प्रथमच चारचौघांत गाणार होत्या. गाणे साधले तर गायनाचा वर्ग पुन्हा सुरू. न साधले तर पर्समध्ये घडी घालून ठेवलेला राजीनामा मुख्याध्यापकांच्या हाती! म्हणूनच पंडितांनी एका गिटारवाल्याकडून इकोचे, म्हणजे आवाज घुमवण्याचे, डबीएवढे यंत्र मागून आणले होते. माइक मिक्सरला, मिक्सर इकोला, इको ॲम्प्लिफायरला आणि तेथून तार स्पीकरकडे, अशी जोडणी त्यांनी डोळे मिटून केली.

ताईंनी ‘सा’ लावला मात्र, स्पीकरमधून असा ध्वनी उमटला, की जणू पत्र्यावरून कोणी लोखंडी खाट ओढीत आहे!

“थांबा, थांबा! आवाज फाटतोय!” पंडित ओरडले.

ताईंचा चेहरा खर्रकन उतरला. “वाटलंच होतं मला. डॉक्टर आपले उगाच धीर देत होते.”

“अहो ताई, तुमचा नाही! म्हणजे तुमचाच फाटतोय, पण तो तुमचा नाही!”

“मग कुणाचा, भाऊजी?”

“यंत्रातला तुमचा!”

या खुलाशाने ताईंचे समाधान होण्याऐवजी त्यांचा हात पर्सकडे गेला. कार्यक्रमाला अर्धा तास उरला होता, खुर्च्या भरू लागल्या होत्या. पंडितांनी तारा बदलल्या, खाट ओढली जातच राहिली. त्यांनी दुसरा स्पीकर लावला, तोही त्याच खाटेचा भाऊबंद निघाला! शेवटी ॲम्प्लिफायरचा आवाज कमी केला, तेव्हा खाट फक्त शेजारच्या घरात गेली.

आता एकच मार्ग! पंडित टेबलाखाली शिरून विजेचा खटका तपासण्यासाठी वाकले.

टर्र!

“बघा, आता तर मी गात नसताना फाटतोय!” ताई रडवेल्या झाल्या.

“ताई,” टेबलाखालून क्षीण आवाज आला, “हा स्पीकरचा नाही. जरा तुमच्या बहिणीला पाठवा.”

पंडितांची पत्नी शिवणकाम करीत असे. सुईदोरा तिच्या पिशवीत सदैव असायचा. ती टेबलामागे येऊन बसली आणि तिने निर्विकारपणे पाहणी केली.

“लग्नातली विजार ना ही?”

“अगं हळू! लोक बसलेत!”

“विजार तेवढीच राहिली, अंग वाढलं. मापापेक्षा मोठं घुसवलं की शिवण उसवणारच. यात कापडाचा दोष नाही नि दोऱ्याचाही नाही. हलू नका.” टाके घालता घालता तिने विचारले, “आणि तुमचा तो आवाज कुठं फाटतो?”

“तेच तर शोधतोय मघापासून!”

“शोधताय कुठं? नुसतं बदलताय! आम्ही फाटलेलं कापड धड टोकापासून चाचपत जातो. बोट अडकलं की तिथं भोक. आवाज कुठपर्यंत धड आहे, ते ऐकलंत का?”

शेवटचा टाका पडताच पंडित टेबलाखालून बाहेर आले. त्यांनी मिक्सरला हेडफोन लावला आणि ताईंना पुन्हा ‘सा’ म्हणायला सांगितले. स्वच्छ! हळवा, परंतु नितळ! मग तोच हेडफोन इकोच्या पुढे लावला. खाट! आणि डबीवर एक लाल दिवा भगभगत होता. यंत्राला हुरूप आला असावा, अशी पंडितांची इतका वेळ समजूत होती.

“या डबीत शिरताना फाटतोय!”

“कुणाच्या मापाची आहे ती?”

“गिटारच्या. गिटारमधून अगदी बारीक आवाज येतो, म्हणून...” पंडितांची नजर मिक्सरकडे गेली.

“आणि तुम्ही मिक्सरमधून धिप्पाड पाठवताय! आधी बारीक करून आत घाला, बाहेर आला की हवा तेवढा वाढवा.”

पंडितांनी मिक्सरचा आवाज उतरवला, लाल दिवा विझला. ॲम्प्लिफायरचा चढवला आणि ताईंचा ‘सा’ शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन लाटेसारखा परत आला. पंडित पत्नीकडे पाहतच राहिले. ज्या बाईला आपण तीस वर्षे नुसते ‘काजं-बटणं’ समजत आलो, तिच्या एका सुईत आपल्या सगळ्या पेचकसांहून अधिक अक्कल आहे, हे त्यांना त्या क्षणी उमगले.

“अगं, तू थोर आहेस!”

“तीनच टाके घातलेत. वाकू नका.”

ताई गायल्या. टाळ्या थांबेनात! डोळे पुशीत, माइक हातात घेऊन त्या थेट टेबलापाशी आल्या, माइक टेबलावर ठेवून पर्समधून राजीनामा काढला आणि सर्वांदेखत उभा फाडला.

टर्र... टर्र... टर्र...

इकोने तो ध्वनी सभागृहभर फिरवला. पंडितांचे दोन्ही हात विजेच्या वेगाने पाठीमागे गेले.

“अगं, पुन्हा फाटली का?”

माइक शेजारीच होता. “फाटली का... फाटली का... फाटली का...” हा प्रश्न शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन परत आला. त्यातले एकही अक्षर मात्र फाटले नव्हते.