निराळा बँड आणि नवरदेवाची जीप

केनवडच्या देवमनचं एक ठाम मत होतं, की सिनेमाची गाणी कोणीही सोम्यागोम्या वाजवतो. "आपुन आपलीच चाल वाजवू. जिल्ह्यात नाव होते का नाही पाह्य," असं तो एस.टी. स्टँडवर रूपलाला म्हणाला होता. ही चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. रूपला तांड्यावरचा, ढोल वाजवण्यात पटाईत. त्याला ते पटलं, आणि 'निराळा बँड' जन्माला आला. अकोल्याहून आणलेली जुनी गिटार, एक ढोल, एक अँप्लिफायर, एक भोंगा आणि ही दोन माणसं!

चार वर्षांत त्यांनी बारा लग्नं वाजवली. देवमनचं स्वतःचं गाणं होतं, 'वाट आपली, पाय आपले, चाल ना बे चाल'. कडवी चार. पण बाराही लग्नांत दुसऱ्या कडव्याला कोणीतरी ओरडलंच, "ते राहू दे, सिनेमाचं लाव." आपलं गाणं लोकांनी एकदा तरी शेवटपर्यंत ऐकावं, एवढ्यातच देवमनचा जीव अडकला होता.

थोरला भाऊ जगदेव याची पिठाची गिरणी होती. तो एकदाचा वैतागला.

"शिरपूरचं लग्न शेवटचं. तिथंबी गानं बंद पडलं तं सोमवारपासून गिरनीवर बसाचं."

"अन् पुरं झालं तं?"

"तं मी गिरनीचं नाव काढनार नाही."

शिरपूरला उतरल्या उतरल्या माशी शिंकली. देवमननं विचारलं, "बॅटरी कुठं हाये?"

"बसच्या टपावर," रूपला म्हणाला.

"अन् बस?"

"रिसोडले गेली."

आता भोंगा कशावर चालवायचा? पण देवमन हार मानणारा नव्हता. त्यानं नवरदेवाच्या जीपचं बॉनेट उघडायला लावलं आणि थेट तिच्या बॅटरीला वायरी जोडल्या. ड्रायव्हर गोविंदसिंग म्हणाला, "इंजन चालू ठेवा लागन, भाऊ. नाही तं बॅटरी बसन."

वेशीवर नवरीकडचा बँड उभाच होता. वाशीमची चौदा माणसं, अंगात लाल कोट, पुढे मिशीला पीळ देत माणिकराव मास्तर. वेशीवर दोन्हीकडच्या बँडांचा सामना होणार, हा रिवाजच होता. मास्तरांनी असा काही बिगुल फुंकला की झाडावरची पाखरं उडाली. देवमननं गिटार छेडली, तर जीपच्या घरघरीपुढे ती कोणाच्या कानावर जाईना.

"बंद कर ना बे ते इंजन," देवमन चिडून म्हणाला. "गानं ऐकू येऊन नाही राह्यलं."

गोविंदसिंगनं इंजिन बंद केलं. गाणं रंगात आलं, लोक माना डोलवू लागले, दुसरं कडवं सुरू झालं, आणि भोंगा कुईं करून गप्प झाला. मास्तर गालात हसले. देवमनच्या डोळ्यांपुढे पिठाचं पोतं उभं राहिलं.

त्यात लग्नाची वेळ होत आली आणि जीप काही सुरू होईना. नवरदेव शेषराव भला माणूस. तो म्हणाला, "मी पायी येतो ना."

शेजारी आत्या बसली होती, चंपाबाई. "मांडवाआंधी नवरदेवाचा पाय जमिनीले लागत नसते. खाली ठेवला तं पायच मोडीन."

मग काय, ढकला जीप! मांडव चढावर. सगळं वऱ्हाड लागलं, पण एक जण लोटायचा तेव्हा दुसरा दम घ्यायचा. जीप तसूभर हलेना. तेवढ्यात रूपलानं ढोलावर टिपरू मारलं आणि देवमननं बिनाभोंग्याचं, उघड्या गळ्यानं गाणं धरलं. 'चाल' म्हटलं की सगळ्यांनी एकदम जोर लावायचा. जीप निघाली.

दुसरं कडवं आलं. कोणी 'राहू दे' म्हणेना, कारण थांबावं तर जीप उलटी अंगावर येते! एकदा देवमन श्वास घ्यायला थांबला, तर ती हातभर मागे सरकली.

"गा रे मेल्या!" चंपाबाई आतून ओरडली.

तो गायला. मास्तरांनी आपली चौदा माणसं जीपला लावली आणि स्वतः बिगुलावर तीच चाल उचलली. तिसरं कडवं झालं, चौथंही झालं. दोनशे माणसं घामाघूम होऊन 'चाल ना बे चाल' म्हणत मांडवात शिरली. देवमनला रडू आवरेना. पैजेचा निकाल बघायला आलेला जगदेवही चाकामागे खांदा लावून गात होता. तो फक्त एवढंच म्हणाला, "झालं तुया मनासारखं."

त्या मांडवातच निराळ्या बँडला तीन सुपाऱ्या आल्या. दोन लग्नांच्या. तिसरा माणूस जवळच्याच मालेगावचा होता.

"लगन कवा हाये?" देवमननं ऐटीत विचारलं.

"लगन नाही, भाऊ. टरक फसला हाये नाल्यात."

देवमननं सुपारी घेतली. ट्रक काही निघाला नाही. गाणं मात्र चारदा पुरं झालं.